बरोबरी कशी सुटणार, हे तू उद्या सांगणार होतास

रेहान,

मागच्या शुक्रवारी सरावाच्या सामन्यात शेवटी मी एकटाच उरलो. गोलू गेला, मंगेश गेला, चौथी जागा तर रिकामीच होती. पडद्यावरचं वर्तुळ आकसत चाललं होतं. मी एका पडक्या घराच्या जिन्याखाली बसलो होतो आणि सवयीनं तुझ्या आवाजाची वाट बघत होतो. आपलं नेहमी असंच व्हायचं. दरवाजातून आधी तू शिरायचास, आधी तूच मरायचास आणि मग माझ्या पडद्यातून बघत बसायचास. कानात म्हणायचास, ‘‘मी पाहून राह्यलो. भेऊ नको. डावीकडं पाह्य.’’

त्या दिवशी कानात फक्त पंख्याची घरघर होती, तीही माझ्याच घरच्या पंख्याची. गोलू आणि मंगेश मेल्यावर माझ्याच पडद्यातून बघत होते, पण दोघंही गप्प होते. तुझ्या जागी बोलायचं कसं, हे त्यांनाही कळत नसावं. खेळात बाहेर पावलं वाजली. मी हललोच नाही. डावीकडे बघायचं की उजवीकडे, हे ठरेना. मेलो आणि फोन पालथा ठेवला. नुसत्या खेळात मेल्यावर फोन सरळ करायचं धाडस होत नाही, हे मी कोणाला सांगू?

तुझा चाळिसावा अजून झालेला नाही. तोवर लिहू नये असं वाटत होतं. पण मला भीती वाटते की थांबलो तर तुझा आवाज विसरेन. शब्द राहतील. पण ‘पाह्य’ म्हणताना तू शेवटी जो थोडा सूर ओढायचास, तो जाईल.

आईनं परवा भाकरी थापता थापता विचारलं, ‘‘तुम्ही दोघं त्या मोबाइलवर कायचं भांडत होते रे बाप्पा? मले तं कधी समजलंच नाई.’’ माझ्या घरात कॉलेजला गेलेला मी पहिलाच, त्यामुळे मोबाइलवर जे काही चालतं तो अभ्यासच, असं तिनं धरून ठेवलं होतं. मी तिला सांगितलं. चौघांची एक टोळी असते. अशा बऱ्याच टोळ्या एका बेटावर उतरतात. जमीन हळूहळू आकसते. किती जणांना मारलं याचे गुण मिळतात आणि किती उशिरापर्यंत टिकलो याचेही. सगळे सामने संपल्यावर बेरीज होते, आणि दोन टोळ्यांची बेरीज सारखीच आली की पुढे कोणी जायचं, याचा एक नियम असतो. तो नियम दर हंगामात बदलतो. रेहान तो आधीच ओळखायचा.

आई म्हणाली, ‘‘मंग दोघाइलेही जाऊ द्याव न पुढं. काऊन भांडता?’’

तू असतास तर लोळून हसला असतास. म्हणाला असतास, ‘‘मावशीले आयोजक करा.’’

तू ते कसं ओळखायचास, हे मी कॉलेजात बऱ्याच जणांना सांगून पाहिलं. कोणाला पटत नाही. जळगाव जामोदच्या बसस्टँडवर चहा पिताना तू पहिल्यांदा मला तुझ्या मामाच्या गावच्या कबड्डीची गोष्ट सांगितली होतीस. गाव संग्रामपूरकडचं. तिथे बरोबरी झाली की नाणं उडवायचे. एका वर्षी नाण्यावर जिंकलेल्या पोरांना हरलेल्यांनी गावाबाहेर जाऊ दिलं नाही, दगड सुरू झाले आणि सरपंच पिठाच्या चक्कीत जाऊन लपला. बाहेर आला तेव्हा मिशांसकट पांढरा झाला होता. पुढच्या वर्षीपासून नाणं बंद, दोन्ही बाजूंना पाच-पाच चढाया.

‘‘तवाच मले समजलं,’’ तू म्हणालास. ‘‘नियम हुशार माणूस नाई बनवत बे. भेलेला माणूस बनवते. आयोजक कायले भेऊन राह्यला थे पाह्य, म्हंजे पुढचा नियम दिसते.’’

मी म्हणालो, ‘‘हे शास्त्र नाही.’’

‘‘तू शिक न शास्त्र. मी भेव पाहतो.’’

आणि तुझं खरं ठरलं. तेव्हा बरोबरी झाली की जास्त सामने जिंकणारी टोळी पुढे जायची. एका टोळीनं नशिबानं एक सामना मारला, बाकीच्यांत काहीच केलं नाही, तरी बरोबरीत तीच वर गेली. बघणाऱ्यांनी आयोजकांची एवढी टर उडवली की तू म्हणालास, आता हे मारण्यावर येतील. ज्यानं जास्त मारले तो पुढे. आपण सुट्टीभर दरवाजे फोडायचा सराव केला. नियमपुस्तक आलं तेव्हा तू तुमच्या कपड्यांच्या दुकानातून फोन केलास, ‘‘वाच. मोठ्यानं वाच. गिऱ्हाईक आहे, पण वाच.’’ मी वाचत होतो आणि मागे एक बाई तुला विचारत होती की परकर मोठ्या मापात आहे का. त्या हंगामात आपण वर चढलो आणि पुढच्या हंगामातली जागा मिळाली. आपल्यासारख्या रेंज शोधत गच्चीवर चढणाऱ्या पोरांना.

ती जागा अजून आपली आहे. पण ती टिकवायला मला जे करावं लागलं, त्याचीच भीती वाटत होती.

आपलं शेवटचं भांडण तुला आठवत असेल. आठवत असेल असं मी का लिहिलं, माहीत नाही. त्याच बसस्टँडवर, त्याच बाकावर. गेल्या हंगामाच्या अंतिम फेरीत दोन टोळ्या बरोबरीत आल्या. शेवटच्या सामन्यात एक टोळी शेवटपर्यंत जिवंत राहिली, तिच्या पडद्यावर ‘विजयी’ असं आलं, पोरं खुर्च्यांवरून उठून नाचली आणि मग कळलं की करंडक दुसऱ्यांचा. कारण दुसऱ्यांनी जास्त मारले होते. तू म्हणालास, हा नियम गेला आता. पुढच्या वेळी बरोबरीत शेवटच्या सामन्यात जो जास्त टिकला तो पुढे जाणार.

मी म्हणालो, ‘‘शक्यच नाही. टिकण्यावर आणलं तर सगळे गवतात लपून बसतील. लपलेली माणसं कोण बघत बसणार? बघणारे निघून जातील, आणि आयोजक त्यालाच सगळ्यात जास्त भितात. तुझ्याच हिशेबानं सांगतोय.’’

तुला हे आवडलं. तुझंच हत्यार तुझ्यावर उलटलं की तुला आवडायचं. पण तू मान हलवलीस. ‘‘नाई. तू शेवटी उरतू न, म्हून तुले दिसत नाई थे.’’

‘‘काय दिसत नाही?’’

तेवढ्यात माझी बस लागली. तू गाडीला किक मारलीस. अब्बांच्या कामानं तुला संग्रामपूरला जायचं होतं. ‘‘जाय, बस जाईन तुही. उद्या सांगतो काऊन थे.’’

संध्याकाळी गोलूचा फोन आला.

तुझी गाडी जिथे घसरली, ते वळण माझ्या रोजच्या रस्त्यावर आहे. मी आता बसमध्ये दुसऱ्या बाजूला बसतो. गर्दी असली आणि त्याच बाजूला जागा मिळाली तर डोळे मिटतो, आणि मिटलेल्या डोळ्यांनीही ते वळण कळतं, कारण अंग एका बाजूला झुकतं. कंडक्टरनं एकदा विचारलं, ‘‘काय झालं पोट्ट्या, उलटी येते का?’’ मी हो म्हणालो.

मग या सोमवारी तू परत आलास.

दोन तासांच्या मधल्या वेळेत मी कॉलेजच्या व्हरांड्यात उभा होतो. सहज खेळ उघडला. मित्रांच्या यादीत तुझ्या नावापुढे हिरवा ठिपका. ऑनलाइन. भर दुपार होती, मैदानात पोरं क्रिकेट खेळत होती. मी खांब धरला. तुझ्या नावावर बोट ठेवायचं धाडस झालं नाही. तुझं नाव मिटेल याचीही भीती वाटत होती आणि मिटणार नाही याचीही. तेवढ्यात गोलूचा फोन.

‘‘तुले दिसलं का बे?’’

‘‘हो.’’

‘‘मले भेव लागून राह्यलं, यार. मी फोन कपाटात ठेवला.’’

‘‘मग बोलतोस कशावरून?’’

‘‘बाबाच्या फोनवरून.’’

मग निरोप आला. तुझ्या नावाखाली. ‘सुमेधभाई, मी सना. घाबरू नका. भाईजानचा फोन मीच चालू केला.’

संध्याकाळची बस सोडून मी तुझ्या घरी आलो. दफनानंतर आलो नव्हतो. दारात चपला काढताना तुझ्या चपलांकडे नजर जाऊ नये म्हणून वर बघत राहिलो. अम्मींनी पाणी दिलं. मी काय बोलावं हे बसमध्ये ठरवायचा प्रयत्न केला होता, पण त्यातलं काहीच आठवलं नाही. सना आतल्या दाराच्या चौकटीला टेकून उभी होती, तुझा फोन दोन्ही हातांत धरून.

‘‘त्यानं मले शिकवलं होतं,’’ ती म्हणाली. ‘‘दुकान बंद असलं की. माहं वेगळं नाव आहे खेळात. पण आज चुकून त्याचंच उघडलं. तुम्हाले वाईट वाटलं असन.’’

मी म्हणालो, नाही. मग म्हणालो, हो.

‘‘मी कोणाले मारत नाई,’’ ती म्हणाली. ‘‘लपून बसते. भाईजान म्हणे, बस तशीच. पुढच्या हंगामात तुह्यासारखेच लागतीन.’’

म्हणजे तू फक्त भांडत नव्हतास. तू तयारीला लागला होतास. मला न सांगता.

अम्मी एवढा वेळ ऐकत होत्या. त्यांनी विचारलं, ‘‘बेटा, एक सांग. त्या खेळात मेला माणूस, तं मंग?’’

‘‘पुढच्या सामन्यात पुन्हा येतो, अम्मी.’’

त्यांनी ओढणी सारखी केली. मग म्हणाल्या, ‘‘अन तो दरवाजा-दरवाजा ओरडे, त्यातून पयले कोण जाते?’’

‘‘रेहान जायचा.’’

‘‘आता कोण जाईन?’’

मी पाण्याचा पेला पुन्हा उचलला. तो रिकामा होता. तरी तोंडाला लावला.

त्यांच्या प्रश्नातच सगळी गोम होती, रेहान. आयोजकांची पद्धत तुला माहीत आहे: आधी चौघांची नावं पक्की, नियमपुस्तक नंतर. नावं दिली नाहीत तर जागा जाते. म्हणजे नियम काय येणार हे ओळखूनच माणूस निवडायचा. मारण्यावर राहणार असेल तर देऊळघाटचा सोनू तयार होता. गोलू त्याच्यासाठी हटून बसला होता.

‘‘सोनूले घे बे. तो दरवाजा पाहतच नाई, भिताडातूनच घुसते.’’

‘‘आणि नियम टिकण्यावर आला तर?’’

‘‘नाई येत. तूच तं म्हणत होता! रेहानसंग एवढा भांडला कायले मंग?’’

त्याचं बरोबर होतं. ते मीच म्हणत होतो, आणि माझं म्हणणं मला अजूनही चुकीचं वाटत नव्हतं. सोनूला घेतलं की तो तुझ्या जागी पुढे जाईल आणि मी नेहमीसारखा मागे राहीन, जिन्याखाली, सगळ्यात शेवटी. सनाला घेतलं तर मागची जागा तिची. गोलू आणि मंगेश बाजूंनी असतात. दरवाजा उरतो माझ्यासाठी.

मला तुझं आणखी एक वाक्य आठवलं. आठवायला नको होतं. एकदा मी दोन-तीन अंदाज भराभर सांगितले होते आणि तू म्हणाला होतास, ‘‘ज्या अंदाजानं आपल्याले बरं वाटते न, तो पयले खोटा धर. तो आपला नसते, आपल्या भेवाचा असते.’’

मी घरी खाटेवर बसून खूप विचार केला. सोनूचं नाव मनात घेतलं की बरं वाटून आडवा व्हायचो. सनाचं घेतलं की पुन्हा उठून बसायचो. माणूस असा निवडायचा असतो का, मला माहीत नाही. आयोजकांची भीती ओळखायला मी तुझ्याइतका कधीच शिकलो नाही. पण माझी भीती मला ओळखता येते. तिच्यासोबतच मी मोठा झालोय. कॉलेजच्या पहिल्या दिवशी वर्ग कोणता हे विचारायच्या भीतीनं मी दुसऱ्याच वर्गात बसून राहिलो होतो. ही गोष्ट तू सगळ्यांना सांगायचास. आणि वर म्हणायचास, ‘‘पण तो भेते म्हूनच शेवटी उरते. आपले अर्धे गुण याच्या भेवाचे आहेत.’’ कोणी माझ्या भीतीबद्दल असं आधी कधी बोललं नव्हतं. त्याबद्दल तुला कधी काही म्हणालो नाही. आता म्हणतो. बरं वाटायचं रे.

मी सनाचं नाव दिलं. ती तुझी बहीण आहे म्हणून नाही, असं मी स्वतःला बऱ्याचदा सांगितलं. पूर्ण खात्री अजूनही नाही. अम्मी एवढंच म्हणाल्या, तिच्या अब्बांना मी सांगते, तुम्ही खेळा. गोलू अर्धा दिवस बोलला नाही. मग त्याचा निरोप आला, ‘हरलो तं तुले चक्कीत लपवू.’

आज दुपारी चौघं पहिल्यांदा खेळलो.

आई शाळेत खिचडी शिजवायला गेली होती. घरात मी एकटा. खेळात एक दुमजली घर आलं, आत कोणीतरी होतं, पावलं ऐकू येत होती. एवढा काळ मी तुझ्या पाठीमागे उभा राहून अशी घरं पाहिली आणि त्या दरवाजाचा रंग कधी नीट पाहिला नव्हता. निळा आहे. माझा अंगठा घामानं घसरत होता. मी गोलूला म्हणालो, ‘‘थांब जरा.’’ गोलू म्हणाला, ‘‘थांबलोच आहो. तू म्हण तवा.’’ तू कधी ‘थांब’ म्हणाला नाहीस. तुला भीती वाटायची का, हे मी तुला कधी विचारलं नाही. आज तिथे उभं राहिल्यावर वाटलं की वाटत असणार. इथे उभ्या राहिलेल्या कोणालाही वाटेल. तू ती फक्त आवाजात येऊ देत नव्हतास.

मी शिरलो. लगेच मेलो.

‘‘अबे, एवढ्या जल्दी?’’ गोलू ओरडला. ‘‘तुले चप्पल तं काढू द्याची होती त्याइनं!’’

‘‘गेलो तर खरं!’’

आणि आम्ही हसलो. तू गेल्यापासून पहिल्यांदा. 

मग गोलू मेला, मंगेश मेला, आणि सना एकटी उरली. मी मेलेल्याच्या जागेवरून तिचा पडदा बघत होतो. या जागेवर एवढा वेळ मी कधी बसलोच नव्हतो. आपला सामना संपताना मी कायम आत असायचो, जिन्याखाली, आणि माझं लक्ष फक्त पुढच्या पावलाकडे असायचं. इथून वेगळंच दिसतं, रेहान. करायला काहीच उरलेलं नसतं, म्हणून बघणाऱ्यांना दिसतं तेच दिसतं. कोणाला किती मारलं हे कोणाच्या ध्यानातही राहत नाही. सगळा जीव त्या एका उरलेल्या माणसात अडकतो. तो लपून बसला असला तरी कंटाळा येत नाही. उलट फोन आणखी जवळ धरला जातो. आणि तो शेवटपर्यंत उरला, आणि मग कोणी म्हणालं की तू नाही, दुसराच पुढे, तर या जागेवर बसलेल्या माणसाला ते सहन होणार नाही.

मला वाटतं, तुझं ‘काऊन’ ते हेच असावं. तू दर सामन्यात आधी मरायचास आणि इथून बघायचास. म्हणून तुला दिसत होतं. मी शेवटी उरायचो, म्हणून मला दिसत नव्हतं. हे बरोबर आहे का, हे आता कोण सांगणार? नियमपुस्तक अजून आलेलं नाही. तुझं चुकलेलंही असू शकतं. चुकलं तर आपली जागा जाईल आणि गोलू मला जन्मभर ऐकवेल. मला त्याची भीती आहेच. त्या वळणाची आहे. हिरव्या ठिपक्याचीही आहे. मी मध्येच यादी उघडून तुझं नाव राखाडी आहे ना, हे बघून घेतो आणि राखाडी दिसलं की त्याचंच वाईट वाटतं.

सना जिन्याखाली बसली होती. वर्तुळ आकसत होतं. तिचा पडदा बारीक हलत होता. बाहेरून बघितल्याशिवाय कळत नाही की घाबरलेल्या माणसाचा पडदा हलतो. माझाही हलत असणार, आणि तू तो रोज बघत असणार, आणि त्यावरून मला कधी चिडवलं नाहीस.

बाहेर पावलं वाजली. सनाचा आवाज आला, एकदम बारीक. ‘‘सुमेधभाई? आहे का कोणी?’’

गोलू गप्प. मंगेश गप्प.  मी तुझी वाट बघत होतो, खरं सांगतो. एक क्षण मी खरंच वाट बघितली. मग कळलं की मेलेल्याच्या जागेवर आज मी बसलोय आणि तिला जे ऐकायचं आहे ते माझ्याशिवाय कोणाला माहीत नाही.

‘‘मी पाहून राह्यलो,’’ मी म्हणालो. शब्द तुझे होते, बोली तुझी होती, शेवटचा सूरही आपोआप ओढला गेला. ‘‘भेऊ नको. डावीकडं पाह्य.’’

सना डावीकडे वळली.